न आवडणाऱ्या माणसासाठी

कतारमधल्या मेसईदला कंपनीच्या बसमधून पहिल्या दिवशी उतरलो, तेव्हा एका मराठी आवाजाने मला थांबवले. "हेल्मेटचा पट्टा लावा. डोकं कंपनीचं नाही, तुमच्या आईवडिलांचं आहे." अनंतराव केळुसकर साहेबांशी झालेली ही माझी पहिली भेट. आज साहेब साठी पूर्ण करत आहेत. त्यांच्या कामाविषयी या गौरवग्रंथात इतर जण लिहितीलच. मला अष्टमकरांविषयी लिहायचे आहे.

सॅमसन अष्टमकर आमच्याच ड्रॉइंग ऑफिसात होते. रेवदंड्याचे बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले मराठी ज्यू. आमचे नकाशे दुसऱ्या ठेकेदाराकडे पोहोचत असल्याचे उघड झाले, आणि चौकशी समितीला पुराव्याची गरजच वाटली नाही. "ज्यू आहे, बहीण इस्रायलमध्ये. आणखी काय पाहिजे?" आमचे मॅनेजर जेवणाच्या टेबलावर म्हणाले. अष्टमकरांना गद्दार ठरवून मायदेशी धाडले. त्यांना विमानतळावर सोडायला फक्त केळुसकर साहेब गेले. तेही स्नेहापोटी नव्हे. दोघांचे कधीच पटले नव्हते. "माणूस एकटा जातोय, बरं दिसत नाही," एवढेच साहेब म्हणाले.

अष्टमकर गेले, पण नकाशे बाहेर जातच राहिले. साहेब मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडे होते. आम्ही सारे ऐकत होतो.

"सर, माणूस गेला, गळती चालूच आहे. चौकशी पुन्हा करा."

"केळुसकर, खलास झालं ते. एका ज्यूसाठी कंपनीची अब्रू घालवता?"

"मला तो माणूस आवडत नाही, सर. पण हे त्यानं केलेलं नाही."

साहेबांची बदली लगेच वाळवंटातल्या साइटवर झाली. दोहाच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या मराठी मंडळात यावरून उभी फूट पडली. सख्ख्या भावांनी एकमेकांकडे जाणे सोडले. आरतीला केळुसकर वहिनी आल्या, की काही बायका उठून दुसऱ्या खोलीत जात. शाळेतही कोणी बोलेना, तेव्हा धाकटी लेक रडून म्हणाली, "बाबा, जस्ट से सॉरी ना!" साहेबांनी तिला जवळ घेतले, शब्द मात्र मागे घेतला नाही.

पुढे मॅनेजरांचाच भाचा नकाशे विकताना सापडला. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. ती स्वतः सांगायला साहेब रजा काढून रेवदंड्याला गेले. मी बरोबर होतो. अष्टमकरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"आई गेली, केळुसकर. मुलगा गद्दार निघाला, एवढंच लोकांच्या तोंडून ऐकून गेली. आता हे मी कोणाला सांगू?"

अंधार पडेपर्यंत साहेब तिथेच ओट्यावर त्यांच्याजवळ बसून राहिले.

साहेबांशी तेव्हा बोलणे टाकलेले कित्येक जण आज या ग्रंथात लिहीत आहेत. कोणाचेही नाव गाळा, असे साहेब म्हणाले नाहीत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि पुढे कधी ते पुन्हा एकटे उभे राहिले, तर या वेळी आपल्यातले कोणीतरी त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहो.