घडीवाल्या मावशींची चिठ्ठी

वर्गात आल्या आल्या मावशींनी माझ्या टेबलावरचं कापड उचललं, झटकलं आणि नीट अंथरलं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात अठ्ठावीस वर्षं चादरींच्या घड्या घातलेल्या बाईला सुरकुती बघवत नाही. त्या दिवसापासून त्या घडीवाल्या मावशी.

"मास्तर, गुडघे गेले हो माझे," त्या म्हणाल्या. "आता खिडकीवर बसायचं काम मिळतंय. गठ्ठ्यावरची इंग्रजी चिठ्ठी वाचायची आणि कुठल्या वॉर्डात न्यायचा ते सांगायचं. पण साहेबांना तुमचं पत्र हवंय, बाईंना वाचता येतं म्हणून."

मी निवृत्त कारकून, डोक्यानं जरा गरम. वाचनालयाच्या माडीवर मोठ्या माणसांना इंग्रजी वाचायला शिकवतो. आधी मी धडा वाचायचा, मग एकेकानं. मावशी शेवटी बसायच्या आणि घडाघडा वाचायच्या. मी हरखलो, जगभर सांगत सुटलो, म्हणजे बायकोला.

एकदा सहज त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. तोंडानं मासेवाल्याचा धडा चालला होता आणि पुस्तकात आगगाडी उघडी होती.

"मावशी! पाठ केलंत?"

"पाठ कुठलं? माझ्याआधी सहा जण वाचतात. कानावर पडतं, राहतं."

माझं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना पहिल्या बाकावर बसवलं आणि सगळ्यांत आधी वाचायला लावलं. आठवडाभर मावशींच्या तोंडून अक्षर फुटेना. मग त्यांनी पुस्तकातलं पानच दुमडलं, दोनतीन अक्षरं दिसतील एवढंच, आणि घडी घडी उलगडत वाचू लागल्या.

"अख्खी चादर एकदम हाताळायची नसते, मास्तर."

पण एका ओळीला पाव तास! तेवढ्यात साहेबांचा निरोप आला, पत्र उद्या हवंय. मी पडलो सत्यवचनी. इंग्रजीत एक ओळ लिहिली, सही ठोकली आणि चिठ्ठी मावशींच्या हातात दिली. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, हे कबूल करतो.

मावशी बाकावर टेकल्या. चिठ्ठी दुमडली, पहिली घडी उघडली.

"शी..." दुसरी उघडली. "कॅन..." चेहरा असा फुलला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. तिसरी उघडली. "...नॉट." चौथी. "रीड."

माझे कान तापले.

मावशींनी चिठ्ठी टेबलावर ठेवून तळहातानं सपाट केली. "मास्तर, हे खोटं लिहिलंत तुम्ही."

"हो," मी म्हणालो.

"मग दुसरी लिहा."

लिहिली. त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवायला मी तोंड उघडलं, तर मावशींनी चिठ्ठी माझ्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही गप बसा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पहिली घडी घातली.