गायिका : स्थानिक स्त्री

अंबरनाथच्या एका संगीत ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली. तिथल्या काही कॅसेटी मी स्वतः भरलेल्या होत्या. मोरिवलीत एक धवलारीण राहायची. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, म्हणायचा मान तिचा. सुट्टीच्या दिवशी मी तिच्या ओटीवर टेप घेऊन बसायची आणि घरी आल्यावर एकेका गाण्याचं कार्ड लिहायची. तिचं नाव, गाव, विधी, गाणं तिला कुणी शिकवलं, सगळं. तिनं मला एकच विचारलं होतं, "माजे पोरींना आयकाला भेटंल ना?" मी हो म्हणाले होते.

पुढे संग्रह कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं. बदलापूरच्या एका संस्थेत आम्ही चार ग्रंथपाल सूचीचे रकाने ठरवायला बसलो. त्यातले ज्येष्ठ गृहस्थ शास्त्रीय संगीत शिकलेले. लेखी संमती नसेल तर नाव घालायचं नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, ओटीवर बसून गाणाऱ्या बाईकडे कोण कागद मागतं? त्यांनी चष्मा पुसला. "मॅडम, ही लग्नातली गाणी. कोणीही म्हणतं. 'स्थानिक स्त्री' लिहा." मी थोडा वेळ वाद घातला. मग सगळे घड्याळाकडे बघायला लागले आणि मी सही केली. पूर्ण ध्वनिमुद्रण फक्त संशोधकांना, बाकीच्यांना तीस सेकंद, हा नियमही त्याच कागदावर होता. काम संपल्यावर कॅसेटी आणि माझी कार्डं उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडे गेली. तेव्हा मी रजेवर होते, असं मी लोकांना सांगते. रजा मी तो दिवस बघूनच टाकली होती.

मी निवृत्त झाल्यावर एका दुपारी धवलारणीची मुलगी पत्ता विचारत घरी आली. शिरगावला दिलेली. आई जाऊन वर्ष झालं होतं, आता तिच्या नातीचं, म्हणजे हिच्या मुलीचं लग्न होतं आणि हळदीचा धवला पुरा येणारं घरात कुणी उरलं नव्हतं. आईच्याच आवाजात तो लावायचा, असं तिच्या मनात होतं.

मी घरच्या कॉम्प्युटरवर संग्रहाची सूची उघडली. नाव टाकून काहीच सापडलं नाही, सापडणार कसं? 'स्थानिक स्त्री' टाकलं तर पानंच्या पानं आली. आम्ही दोघी एकेक उघडत बसलो. संध्याकाळी तो आवाज लागला. पण तीस सेकंदांत गाणं सुरूच होत नव्हतं. खाकरणं, बांगड्या, आणि "पोरी, पानी दे गं."

"त्ये पानी मीच दिलेला," मुलगी म्हणाली. तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं. मी सहा-सात वेळा लावलं.

ज्येष्ठांना फोन केला. ते म्हणाले, नियमावर तुमचीही सही आहे. तरी मी संस्थेकडे रीतसर अर्ज केला. उत्तर आलं: गायिकेशी नातं असल्याचा पुरावा जोडावा. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, सगळं जोडलं. पुन्हा उत्तर आलं: सूचीत गायिकेचं नाव नसल्यामुळे सदर कागदपत्रं ताडून पाहता येत नाहीत. भाषा ओळखीची होती. अशी पत्रं मीही आयुष्यभर टाइप केली होती.

हळदीला तिनं मला आग्रहानं बोलावलं. मांडवात बायका जमल्यावर तिनंच धवला धरला. चार ओळी नीट गेल्या, पाचवीला ती अडली. मागच्या बायकांनी दुसरीच ओळ उचलली, ती कुणाला पटली नाही, आणि शेवटी कुणीतरी हळद लावायला सुरुवात केली.

जेवताना तिनं तिच्या सासूशी माझी ओळख करून दिली.

"ह्याच त्या बाई," ती म्हणाली. "आयशीची गानी घेऊन गेलेल्या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं माझ्या पानात आणखी एक वडा वाढला, आणि सासूबाई मला नीट बघता यावं म्हणून थोड्या पुढे सरकल्या.