नाव ग्रीक, सूज आपलीच

रोग्याच्या घोट्यावर अंगठा दाबून काका पाचपर्यंत मोजायचे. अंगठा उचलला की खळगा तसाच राहायचा. मग म्हणायचे, "नाव ग्रीक, सूज आपलीच."

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतल्या माझ्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. डिग्री माझी, पाटी माझ्या नावाची, पण माणसं त्यांची. जळायचो मी, सरळच सांगतो.

मिरजोळ्याच्या एका बाईला मी म्हणालो, "इडीमा आहे." तिचं तोंड एवढंसं झालं. औषधाच्या खिडकीशी जाऊन विचारते, "काका, ह्या काय झाला मला? वाचेन ना?"

"बाय, ग्रीक लोक सुजेला इडीमा म्हणतात. अंगात पाणी साठलंय. नावाला घाबरू नको, गोळी चुकवू नको."

बाई हसत घरी गेली.

खाकी कव्हर घातलेला एक जुना वैद्यकीय शब्दकोश ते दुपारी वाचत बसायचे. एका रविवारी मीही तो गुपचूप उघडला आणि सोमवारी एका म्हाताऱ्याला ग्रीक अर्थ ऐकवला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीकडे वळून विचारलं, "काका, डाक्टर म्हणतायत ता खरा काय?" आता बोला.

पुढे माझ्या आईचे पाय सुजले. हृदयाचं दुखणं. मी मीठ बंद केलं, गोळ्या वाढवल्या, पण सूज हटेना. मनातून मी पार घाबरलो होतो. एक दिवस काका औषध द्यायला घरी आले. जमिनीवर बसून त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला, अंगठा दाबला.

"वहिनी, पेजेबरोबर काय घेता?"

"खारातली कैरी. मिठाच्या बरणीला मात्र हात लावत नाही हो."

मी आईवर चिडलो. "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

कैरी बंद झाली, सूज ओसरली. आई शेजारणींना सांगायची, "काकांच्या हाताला गुण आहे." मुलगा डॉक्टर आहे हे ती विसरलीच जणू. पुढे कितीतरी महिने मी काकांशी कामापुरतंच बोललो.

मग एका सकाळी खिडकी उघडली नाही. काका झोपेतच गेले होते. त्यांची बायको म्हणाली, "पाय वर्षभर सुजत होते. तुम्हाला दाखवा म्हटलं, तर म्हणायचे, डॉक्टर हल्ली रागावलेले असतात."

दवाखान्यात घालायच्या त्यांच्या चपला काउंटरखाली होत्या. पट्टे ब्लेडने चिरून सैल केलेले. माझ्यापासून चार हातांवर ते दिवसभर उभे असायचे. मी त्यांच्या अंगठ्यावर जळत राहिलो, पायांकडे कधी बघितलंच नाही.