पहारेकऱ्याचा डावा खांदा

फोन मिलिंदच्याच नंबरवरून आला, म्हणून मी शिव्यांनीच सुरुवात केली. रविवारची सकाळ होती. तो आईकडं निपाणीला गेलता आणि जाताना माझी छत्री घेऊन गेलता. त्या एका छत्रीपायी मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बेळगावच्या खासबागेत माझं शिवणकामाचं दुकान आहे, तिथं बसलेली दोन गिऱ्हाइकं हसून हसून बाकावरून खाली यायची तेवढी राहिली होती. पलीकडून कोण काही बोलेना. मी दमलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "झालं का तुजं बोलून?" मग म्हणाली, "च्या पिऊन बसलाता. बसल्या जागीच गेला रं."

पुढचं मला नीट आठवत नाही. गिऱ्हाइकं सांगतात, मी गळ्यातला टेप काढून त्याची घडी घातली, परत गळ्यात टाकला, परत काढला... अडतीस वर्षांचं पोरगं, ना बिडी ना तंबाखू, असं कसं जाईल, हे आज पाच आठवडे झाले तरी मला उमगलेलं नाही.

मिलिंद सात वर्षं माझ्या दुकानावरच्या खोलीत राहत होता. कॉम्प्युटरवर मूर्ती घडवणं हा त्याचा धंदा. माती नाही, छिन्नी नाही. पुण्या-हैदराबादच्या कंपन्या त्याला गेममधल्या, कार्टूनमधल्या पात्राचं रंगीत चित्र पाठवायच्या, त्याला तो कॉन्सेप्ट आर्ट म्हणायचा. मग स्क्रीनवर एक राखाडी गोळा घ्यायचा आणि पेनानं ओढून, दाबून, चेपून त्यातून चारी बाजूंनी फिरवून बघता येईल असा माणूस काढायचा. माणूस तरी कसला... डोकं कलिंगडाएवढं, मनगटं खांबासारखी, पाय आगकाडीसारखे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी त्याला सांगितलं, असलं गिऱ्हाईक माप द्यायला आलं तर मी दुकानाला कुलूप घालून आपल्या पायानं हिंडलग्याच्या जेलात जाऊन बसेन.

माझ्या बोलण्यातला रुपयातला बारा आणे भाग वाढवलेला असतो, हे अख्ख्या खासबागेला माहीत आहे. एका पैलवानाची विजार मी अशी शिवली होती, की ती वाळत घातली तर गल्लीत दुपारपर्यंत ऊन पडायचं नाही. लोक ऐकून म्हणायचे, अण्णा, पुरे आता. मिलिंद मात्र ध्यान देऊन ऐकायचा. एकदा म्हणाला, "अण्णा, तू नाक वाढवतोस, पण डोळे जागेवर ठेवतोस. म्हणून तुजं खोटं चालतंय. माजं काम बी तसलंच हाय." माझ्या थापांची एवढी इज्जत दुसऱ्या कुणी केलेली नाही.

त्याची एकच मोठी अडचण होती. चित्र समोरचं यायचं, पाठ सहसा कुणी काढून द्यायचं नाही. ती ह्याची ह्यालाच शोधावी लागायची, आणि त्यासाठी हा बाजारात लोकांच्या मागं मागं फिरायचा. एकदा भाजी घेणाऱ्या एका दणकट बाईची पाठ त्याला इतकी आवडली, की तिच्या मागं स्टेशन, स्टेशनातून गाडी आणि गाडीतून थेट गुंजी गावात. मी सांगतो तेव्हा ती बाई त्याला गुंजीपासून बेळगावपर्यंत बडवत आणते. खरं म्हणजे तिनं पिशवी एकदाच हाणली, पण पिशवीत दोन नारळ होते. तीच पाठ पुढं कुठल्याशा गेममधल्या राक्षसाला मिळाली. राक्षस काय ठसक्यात चालायचा म्हणून सांगू.

कुणी शर्टाचं माप द्यायला आलं की हा जिन्यावरून उतरून माझ्या मागं उभा. मी त्याला सांगितलेलं, गिऱ्हाईक समोरून फसवतं, पोट आत ओढतं, छाती काढतं. पाठीचं मात्र त्याला भान नसतं. ते ऐकून तो कितीतरी वेळ मान हलवत होता.

त्याच्या कामात सिमेट्री नावाचं एक बटण असायचं. ते चालू असलं, की अर्ध्या अंगाचं केलं तर उरलेलं अर्धं आपोआप तयार, आरशात बघितल्यासारखं. एका राजकन्येच्या वेळी ते बटण बंद राहिलं आणि दिवसभर ह्याच्या लक्षातच आलं नाही. एक गाल दाढ सुजल्यागत वर. मी म्हणालो, पाठव तसंच, मुद्दाम केलंय म्हणून सांग. त्यानं पाठवलं. कंपनीवाले म्हणाले, वा, केवढा जिवंत चेहरा. मी पेढे आणायला उठलो, तर हा दोन दिवस तोंड पाडून बसला. म्हणाला, "अण्णा, जे मी केलंच न्हाय त्याची तारीफ झाली रं." मी हसण्यावारी नेलं.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याची आई खोली आवरायला आली. मी तिला मावशी म्हणतो. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून तिनं हे पोरगं शिकवलं. आम्ही दोघं वरती कपडे बांधत होतो, तेवढ्यात मिलिंदच्या फोनवर पुण्याच्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला, तो मी घेतला. मिलिंदनं जायच्या दोन दिवस आधी एक पहारेकरी करून पाठवला होता, झुबकेदार मिशांचा, पिंपाएवढ्या पोटाचा. ती म्हणाली, "काका, त्याचा डावा खांदा दोन बोटं खाली उतरलाय. चित्रात दोन्ही सारखे आहेत. दादांनी मुद्दाम केलंय, की सिमेट्री बंद राहिली? चुकून असेल तर आम्ही दहा मिनिटांत सरळ करू. संध्याकाळपर्यंत सांगाल?" मी म्हटलं, बाई, मी शिंपी. ती म्हणाली, दादा तुमच्याबद्दलच बोलायचे.

आता काय सांगायचं? मुद्दाम केलं म्हणावं आणि ती चूक असली, तर परत न केलेल्याची तारीफ त्याच्या माथी. चूक म्हणावी आणि ते मुद्दाम असलं, तर पोरानं हातानं केलेलं शेवटचं काम माझ्या तोंडानं पुसलं जाणार.

कॉम्प्युटर लावला. पहारेकरी आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. मावशी बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "माजी असंल का रं?" मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? "मला माजी पाठ कशी ठावी असायची? मी कुठं बघितलीया?"

मी टेप काढला. तिच्या मानेपासून खांद्यापर्यंत, मग तिथून खाली, दोन्हीकडून माप घेतलं. मावशीचा खांदा उतरलेला निघाला, चांगला दोन बोटं... पण उजवा. मी परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला लागलो तशी ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." खाटेवर बसली. एवढी पाठ वाकलेली मी तिची कधी बघितली नव्हती.

थोड्या वेळानं म्हणाली, "आन तुजी?"

मी हसलो. पस्तीस वर्षांत बेळगावच्या निम्म्या पाठी माझ्या टेपाखालून गेल्या असतील, माझी कुणी मोजलेली नाही. माझे शर्ट मी जुन्या शर्टावरून बेततो. "फिर तिकडं," म्हणून ती उठली. टेप तिला वाचता येत नव्हता. तिनं दोन्ही तळवे माझ्या खांद्यांवर ठेवले.

"सरळ उभा ऱ्हा की रं."

"सरळच हाय, मावशी."

तिनं हात काढले नाहीत. मीही हललो नाही.

संध्याकाळी त्या मुलीला सांगितलं, खांद्याला हात लावू नका. ती म्हणाली, म्हणजे मुद्दामच होतं ना काका? एरवी ह्यावर मी अर्धा तास बोललो असतो. "मला माहीत नाही, पोरी," म्हटलं. "त्यानं मला सांगितलं नाही. पण आहे तसं ठेवा." तिनं ठेवलं.

माझा शर्ट डाव्या खांद्यावरून कायम घसरायचा आणि इतकी वर्षं मी कापडाला शिव्या घालत आलो. परवा डावीकडची शिलाई उसवली आणि पहारेकऱ्याच्या मापानं, दोन बोटं खाली घेतली. आता शर्ट बसतो. कुणी विचारलं, अण्णा, माप कुणी घेतलं, तर काय सांगायचं ते मला अजून ठरवता येत नाही.