विजूताईंची हाक

मंगरूळपीरच्या स्टँडवरून आमची खोली चालत दहा मिनिटांवर. विजूताई सोबत असल्या की अर्धा तास धरून चालायचं. पानवाला, बांगडीवाली, बँकेतला शिपाई, कुणाची तरी मावससासू, सगळ्यांशी त्यांची ओळख, आणि प्रत्येकाला हाक मारल्याशिवाय बाईंचं पाऊल पुढे पडत नाही. मी आपली पिशवी धरून उन्हात उभी. एकदा चिडून म्हटलंसुद्धा की ताई, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा, निदान या हाका फुकट तरी जाणार नाहीत. त्या नुसत्या हसल्या. त्यांना राग येत नाही, याचाही मला राग येतो.

विजयमाला त्यांचं नाव. नवऱ्याच्या, सासरच्या मारानं बेजार झालेल्या बायकांसाठी आमची एक लहानशी संस्था आहे, तिच्या त्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्या. मी लतीफा, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. आमची खोली दर्ग्याच्या वाटेवर, अन्सारभाईंच्या फुलांच्या दुकानामागं आहे. जागा विजूताईंनी शोधली, आणि डोकं लावून शोधली. दर्ग्यावर जाते म्हटलं की हिंदू असो की मुसलमान, बाईला घरात सहसा कुणी अडवत नाही. फुलं घ्यायची आणि मागच्या दारानं आत यायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्या बाईला एवढी वाट पुरते.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक गोष्ट बजावली होती. बाजारात, लग्नात, एसटीत आपल्याकडे येणारी बाई दिसली तर आपण तिला ओळखत नाही. ती बोलली तरच बोलायचं, तेही भाजीच्या भावापुरतं. विजूताई काय काम करतात हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. त्यांनी जिला नावानं हाक मारली तिच्या घरात काय चाललंय, हे पाहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. जगाला हाका मारत सुटणारी ही बाई आमच्याकडची कुणी दिसली की रस्त्याच्या पलीकडे बघत निघून जायची. मी ते कितीदा पाहिलंय, आणि तेव्हा त्यांच्याविषयी मला फार आदर वाटायचा.

रूपाली आसेगावची सून. लखन तिचा नवरा, वैभवी नावाची पाच वर्षांची मुलगी, घरची शेती. मुलगा होत नाही म्हणून लखनचा हात उठायचा, आणि सासू तेवढ्यापुरतं दार लावून घ्यायची. दर गुरुवारी दर्ग्यावर जायची परवानगी मात्र सासूनंच दिली होती, नातवाच्या नवसासाठी. त्या नवसाच्या नावावर रूपाली आमच्याकडे यायची. बोलायची कमी. बऱ्याच गुरुवारांनंतर तिचं ठरलं: सोयाबीनची सोंगणी आटोपली की वैभवीलाही नवसाला म्हणून सोबत आणायचं, आणि दर्ग्यावरून परस्पर मानोऱ्याची एसटी धरून माहेरी जायचं. तक्रार, कोर्ट, जे काय असेल ते तिथून. मारझोड नको, गल्लीत तमाशा नको. मुलीचा हात धरून आपल्या पायानं निघायचं, एवढंच तिला हवं होतं. गुरुवारही ठरला.

त्याच्या आधीच्या रविवारी आसेगावला विजूताईंच्या चुलतभावाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. तिथं काय झालं ते नंतर त्यांनीच मला सांगितलं, एकही शब्द न गाळता. पंगत बसली होती. नानाजी म्हणून एक म्हातारे आहेत, त्यांनी भर पंगतीत सुरू केलं, की या बाईनं किती लेकीबाळी वाचवल्या, अन् ही आपल्या घरची आहे. बायका माना वळवून पाहू लागल्या. विजूताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नेमकी तेव्हाच रूपाली वाढायला आली. भावकीतल्या सुना वाढत होत्या, त्यांत ही, हातात वरणाचं भांडं, आणि मागं सासू पोळ्यांची परात घेऊन.

"काहून वं रूपाली, गेल्या गुरुवारी आली नाही तू? मी वाट पाहून राह्यली होती."

शब्द तोंडातून गेला आणि विजूताईंना आपण काय केलं ते कळलं. सासूनं विचारलं, कुठं आली नाही? विजूताईंनी दर्ग्यावर म्हणून सावरलं.

"अन् तुमचा कायचा नवस हाये, बाई?" सासू एवढंच म्हणाली आणि पुढच्या पानावर पोळी वाढली. रूपालीनं मान वर केली नाही. वरण मात्र पानाबाहेर सांडलं.

विजूताई जेवल्या, हळदीकुंकू घेतलं, घरी आल्या. सासूला काही उमगलं नसेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली, आणि मला काहीच सांगितलं नाही. जिभेला हाड नसतं, चूक कुणाच्याही हातून होते, ते मी समजू शकते. त्या गप्प बसल्या, ते मला अजून समजत नाही. रविवारीच सांगितलं असतं तर त्याच रात्री कुणाला तरी पाठवता आलं असतं.

गुरुवारी मी एसटीच्या वेळेपर्यंत अन्सारभाईंच्या दुकानात बसून होते. रूपाली आली नाही. शुक्रवारी तिच्या शेजारणीचा फोन आला. लखननं रविवारी संध्याकाळीच तिचं मनगट मोडलं होतं आणि तेव्हापासून तिला धान्याच्या खोलीत कोंडलं होतं. पोलिसांना फोन लावता लावता मी एकीकडे तोंड चालवत होते: हे घरात कळलं कसं, अन्सारभाईंच्या दुकानासमोर दोन-चार टवाळ बसतात, त्यांतलाच कुणीतरी. विजूताई ऐकून घेत होत्या. आम्हाला घेऊन पोलिसांची जीप आसेगावच्या रस्त्याला लागल्यावर त्या बोलल्या.

"लतीफा, कोनाचं नाव घेऊ नको. ते माह्या तोंडातून गेलं."

मग गाव येईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. मला नियम शिकवणारी बाई माझ्या शेजारी पदराचा काठ चोळत बसली होती, आणि तिच्याकडे बघायची लाज मला वाटत होती.

रूपाली बाहेर आली ती अख्ख्या गल्लीसमोर, पोलीस बाईच्या मागं, सुजलेला हात पदरात धरून. वैभवी घाबरून रडत होती. पोरं भिंतीवर चढून पाहत होती. जे जे तिला नको होतं ते सगळं झालं. एरवी अशा वेळी बाईला पहिला हात विजूताईंचा लागतो. त्या दिवशी त्या जीपच्या मागं उभ्या राहिल्या, आणि रूपालीला मी धरून आणलं.

पुढं तक्रार झाली, लखनला अटक झाली, आणि रूपाली माहेरी मानोऱ्याकडे गेली. कोर्टाची तारीख लागली ते सांगायला आम्ही तिच्या घरी गेलो. हात प्लास्टरमध्ये होता आणि ती एका हातानं तुरीच्या शेंगा सोलत होती. आई पाणी देऊन आत गेल्यावर विजूताईंनी बोलायला सुरुवात केली.

"माहं चुकलं, रूपाली. तुही काळजी वाटे, म्हणून बोलून गेली."

"काळजी होती त मले बाजूले घेऊन विचारलं असतं." रूपालीचा आवाज चढलेला नव्हता. "सारे तुमचं नाव घेऊन राह्यले होते. तवा मले हाक मारून तुमाले बरं वाटलं ना, ताई?"

विजूताईंच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्या काहीतरी सांगून वेळ मारून नेतील असं मला वाटलं, आणि खरं म्हणजे त्यांनी तसं करावं असंही वाटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "बरं वाटलं."

रूपालीनं मान हलवली. हातातली शेंग सोलून संपवली. मग माझ्याकडे वळली.

"तारखेले तुमी या, लतीफाताई. ह्यायले नका आणू."

विजूताईंनी पिशवी उचलली आणि त्या बाहेर रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मी येते म्हणून रूपालीला शब्द दिला. एवढ्या वर्षांच्या विजूताईंना सोडून तिनं मला बोलावलं होतं, आणि मला बरं वाटलं. ते माझं मलाच कळलं, तशी मी तिथंच बसून राहिले. बाहेर विजूताईंजवळ आता कुठल्या तोंडानं जाणार?