पाणबुडीवाल्या गौतमच्या सोयरिकीसाठी साखरा आणि कळमनुरी

गौतमच्या गावी, साखऱ्याला, जायचं ठरलं ते विशाखापट्टणमच्या धक्क्यावर, दोर गुंडाळता गुंडाळता. १९७४ ची संक्रांत नुकतीच झाली होती. गौतम आणि मी एकाच पाणबुडीवर होतो आणि तिच्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघेच. तो सुट्टीवर निघाला होता, माझी सुट्टी आठवड्याने होती. तो म्हणाला, "सदा, देवगडला जायच्या आधी आमच्याकडं ये. माझं लगन अडकलंय."

मुलगी त्याला पसंत होती, तिलाही तो पसंत होता. पण मुलीच्या वडिलांना पाण्याखाली राहणारा जावई नको होता. दोन वर्षांपूर्वी युद्ध झालं तेव्हा बुडालेल्या बोटींच्या बातम्या त्यांनी रेडिओवर ऐकल्या होत्या. बोटीवरच्याच दुसऱ्या माणसाने येऊन त्यांना नीट समजावावं, अशी गौतमची इच्छा होती. मी मच्छीमाराचा मुलगा, मराठवाडा नकाशावरही कधी धड पाहिला नव्हता. लगेच हो म्हणालो.

सिकंदराबादला गाडी बदलून मीटरगेजच्या डब्यात बसलो आणि सकाळी नांदेडला उतरलो. तिथून हिंगोलीची एसटी. (हल्ली हा हिंगोली जिल्हा; तेव्हा सगळा मुलूख परभणीत होता.) वारंगा फाट्यावर गाडी थांबते. आज तिथे उतराल तर गरम खिचडी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. मला तेव्हा पत्र्याच्या टपरीत चहा आणि मिरचीची भजी मिळाली, आणि त्या भज्यांनी डोळ्यांत पाणी आणलं. शेजारी बसलेले एक मेंढपाळ काका माझी विचारपूस करू लागले. समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "मंग तिकडची मेंढरं काय पितेत?" मी विहिरींबद्दल सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं.

कळमनुरी मागे टाकून हिंगोली, तिथून सेनगावची गाडी. सेनगावला गौतम सायकल घेऊन उभा होता. बोटीवर कायम तेलाने माखलेला गडी इथे पांढऱ्या सदऱ्यात ओळखू येईना. पुढचा रस्ता दुष्काळी कामावर गावच्याच लोकांनी खडी फोडून केलेला, त्याच्या आईनेही त्यावर पाट्या वाहिल्या होत्या. ते सांगताना तो सायकलवरून उतरला आणि बराच वेळ चालतच आला.

यंदा मात्र दोन्ही बाजूंना ज्वारी माणसाच्या वर गेली होती. त्याची आई शेतावरच भेटली. तिने शेकोटीत कणसं भाजून हुरडा चोळला, लसणाची चटणी दिली आणि मला खाताना बघत बसली. पाण्याखाली चूल कशी पेटते, हा तिचा मुख्य प्रश्न होता. विजेवर स्वयंपाक होतो म्हटल्यावर तिने गौतमकडे पाहिलं, हे तू इतके दिवस का सांगितलं नाहीस, अशा नजरेनं. हुरड्याच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या आसपास, या बाजूला जायला मिळालं तर जरूर जा. इतकं गोड काही मी आंब्याखेरीज खाल्लेलं नाही.

संध्याकाळी बांधावरून चालताना गौतमने एक अट घातली. युद्धातलं सगळं सांग, म्हणाला, फक्त आम्ही दोघं बोटीबाहेर राहिलो ते सांगू नको.

दोन दिवसांनी आम्ही कळमनुरीला गेलो. आठवडी बाजाराचा दिवस, रस्त्यात बैलगाड्या आणि मिरच्यांचे ढीग. मुलीचे वडील लिंबाजीकाका बाजारात धान्य तोलायचं काम करत. त्या दिवशी त्यांनी काम लवकर सोडलं होतं. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, भिंतीवर बुद्धाचं आणि बाबासाहेबांचं चित्र. त्यांची मुलगी कांता नांदेडला नर्सचं शिक्षण घेऊन गावच्या दवाखान्यात नुकतीच लागली होती. चहा देऊन ती आत गेली नाही. वडिलांच्या शेजारी बसली.

लिंबाजीकाकांनी आदराने पण सरळ विचारलं, "पाण्याखाली दडून तुमी नेमकं करता काय?"

मी जागेचं नाव गाळून सांगितलं, आजही गाळतोच. किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं होतं. त्याआधी तो किनारा कुणालातरी जवळून बघावा लागतो, आणि समोरच्यांना कळू न देता बघायचा तर पाणबुडीच हवी. आम्ही दिवसभर किनाऱ्यासमोर पाण्याखाली राहिलो, साहेब पेरिस्कोपमधून झाडं, वाटा, लाटा टिपत होते. अंधार पडल्यावर बोट वर आली, आणि गौतम व एक अधिकारी रबरी होडीतून किनाऱ्याकडे गेले. दोरीला शिसं बांधून त्यांनी खोली मोजली. शिशाच्या तळाला चरबी लावलेली असते, तिला चिकटून वाळू वर येते. पाण्याखाली वाळूचा एक बांध होता. तिथे होड्या टेकल्या असत्या, किनारा आला असं समजून जवान उतरले असते. पण बांधाच्या पलीकडे पुन्हा माणूस बुडेल एवढं पाणी होतं, आणि पाठीवर ओझं असलेल्या माणसाला पोहता येत नाही. दोघांनी बांधातली मोकळी वाट शोधली. सैन्य आलं त्या पहाटे आमची बोट त्या वाटेसमोर वर आली आणि फक्त समुद्राकडून दिसेल असा दिवा धरून राहिली. होड्या त्या दिव्यावर नेम धरून आत गेल्या. तिथे एकही जवान बुडाला नाही.

काकांनी गौतमकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मला वाटलं, काम झालं.

मग कांता बोलली. "हे दोघं होडीत हायेत आन् बोट दुश्मनाला दिसली, तर बोट काय करती?"

मी चहाचा कप खाली ठेवला. गौतम जमिनीकडे बघत होता. दवाखान्यात रोज माणसांना बरं-वाईट सांगणाऱ्या त्या मुलीला गोल उत्तर द्यावंसं वाटेना. मी म्हणालो, "बुडी मारते. बोटीत सत्तरच्या वर माणसं असतात. बाहेरच्या दोघांसाठी ती थांबत नाही."

"त्या रात्री?"

त्या रात्री पाण्याची ओढ वाढली आणि दोघांना परतायला उशीर झाला, ठरलेली वेळ टळली. बोट खाली गेली. दुसऱ्या ठरलेल्या जागी ती पुन्हा वर आली तेव्हा आकाश उजळायला लागलं होतं. तिथे ते सापडले. तिथेही नसते सापडले तर आम्ही निघून जाणार होतो. हे सगळं मी सांगितलं.

काका उठून दारापाशी गेले आणि बाजाराकडे तोंड करून उभे राहिले. कांताने आता गौतमलाच विचारलं, "हे तुमी स्वतः काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी न्हाई म्हनाल म्हनून," तो म्हणाला. मग, कुणी न विचारता, त्याने मलाही कधी न सांगितलेलं सांगितलं. किनाऱ्याच्या अगदी जवळ असताना वाऱ्यावर चुलीच्या धुराचा वास आला होता. कुणीतरी बाई लेकराला घरात ये म्हणून हाका मारत होती. भाषा वेगळी, पण हाक कळत होती. "शिसं वर वढून राहिलो व्हतो आन् मनात येकच. उद्या हितं सैन्य येनार. ती बाई कुठं जाईल? बोट गेली का राहिली, त्याचं भ्याव त्यानंतर वाटलं."

मग कांता म्हणाली, "बाबा, मला चालतंय."

काका वळले. "तकलीफ तुलाच व्हनार हाय."

"व्हय. पर मला आदी कळलं ना."

त्यांनी गौतमच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्हा दोघांना बाजारातून गूळ-शेंगदाणे आणायला पाठवलं. बापलेकींना एकट्यांना बोलायचं असणार. आम्ही बाजाराला दोन चकरा मारल्या. गौतम माझ्यावर चिडला असेल असं वाटलं होतं, पण तो भाव करण्यातच गुंतला होता आणि मधूनच हसत होता. परत आलो तेव्हा तारखेचं बोलणं चाललं होतं.

लग्नाला मी नव्हतो, समुद्रावर होतो. त्या सुट्टीत देवगडला पोचल्यावर आईने साखऱ्याला काय खाल्लं एवढंच विचारलं. गौतमच्या आईने दिलेली हुरड्याची पिशवी तिच्या हातात देऊन मी पडवीत बसलो. समोर खाडीपलीकडच्या घरांतून धूर निघत होता. लहानपणापासून मी तो पाहत आलो होतो आणि समुद्रावरून येताना त्यावरून घर किती दूर आहे ते ओळखत होतो. त्या संध्याकाळी प्रथमच मनात आलं, की एखादी बोट पाण्याखालून आपल्या घराकडे अशीच बघत असेल तर तिच्यातल्यांना काय दिसेल. पुढे नोकरीत कितीतरी किनारे पेरिस्कोपमधून पाहिले. प्रत्येक वेळी आधी मी धूर शोधला.

आई आतून हाक मारत होती, हुरडा गरम करायचा की तसाच खायचा. मी उठून सांगायला गेलो.