उपाशी वाडीचं सॅम्पल

शेटांनी दुसऱ्यांदा भात मागितला आणि माझा सगळा बेत बुडाला. त्या पंगतीत भात मुळी असायलाच नको होता. पंगत मी ठरवली होती, पाहुणे मी आणले होते आणि वाढायचं होतं ते फक्त कडू कंद.

मी तेव्हा बेळगावच्या एका चहा कंपनीचा कॅनव्हासर होतो. कॅनव्हासर म्हणजे गावोगाव फिरून माल लोकांच्या गळी उतरवणारा. माझ्या बाबतीत तर अक्षरशः. बैलगाडीत शेगडी, ग्रामोफोन आणि एक ढोलवाला घेऊन मी बेळगावच्या दक्षिणेकडच्या सुपा भागात फिरायचो. ढोल वाजला की लोक जमायचे, मग एकेक कप फुकट द्यायचा. आधी चाखवायचं, चटक लागली की पुडी विकायची. याला आम्ही सॅम्पल म्हणायचो.

जोयड्याजवळच्या एका रानवाडीत माझ्या चहावर झुंबड उडाली. माणसं तीन-तीन कप प्यायची. मी हेड ऑफिसला कळवून टाकलं की जोयडा आपण जिंकलं. पुडी मात्र एकही खपेना. त्याचं कारणही मी शोधून काढलं होतं: लोक अजून लाजतात.

मग एकदा माझ्याकडचा गूळ संपला. बिनगुळाचा चहा एकेक घोट घेऊन सगळे पांगले. वाडीतली लक्षुमीआजी तेवढी कप परत द्यायला थांबली.

"बाबा, तुजा चा कोन पितंय? आमी गूळ पित होतो."

चौकशी केली तेव्हा कळलं. रानातल्या वेळूला फुलोरा येऊन बी सुटलं होतं. त्यावर उंदीर माजले आणि बी संपल्यावर शेतात उतरून त्यांनी उभं पीक खाल्लं. वाडी आता रानातले कंद उकरून जगत होती. ते एवढे कडू की रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय तोंडात धरवत नाहीत. सुप्याच्या कचेरीतल्या रावसाहेबांकडे गेलो, तर ते म्हणाले की पाऊस चांगला झालाय, म्हणजे टंचाई नाही. उंदरांची त्यांच्या नियमांत सोय नव्हती. तांदळाचे मोठे व्यापारी मल्लाप्पाशेट म्हणाले, उपाशी असते तर मागायला आले नसते का?

म्हटलं, हे तर आपलंच काम. लोकांना ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक करून देणं. मी एक बोर्ड रंगवला. हाडांचा सापळा झालेला माणूस, पुढे पसरलेला हात. तो सुप्याच्या बाजारात टांगला. आजीचा मुलगा देवू वाडीचा कारभार बघायचा. त्याने बोर्ड पाहिला, उतरवला आणि माझ्या गाडीत आणून ठेवला.

"ह्यो कोन? आमच्यात हात पसरनारं कोन न्हाई."

बोर्ड फसला. मग मला सॅम्पल सुचलं. शेटांना आणि रावसाहेबांना वाडीतच जेवायला न्यायचं आणि वाडी रोज खाते तेच पानावर वाढायचं. एका घासात दोघांना पटेल. आजीला मी पुन्हापुन्हा बजावलं, रोजचंच वाढा. ती दरवेळी "व्हय" म्हणाली. त्या मुलखात पाहुण्यासमोर 'न्हाई' म्हणत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पंगतीच्या दिवशी मात्र पानात वाफाळता भात पडला. वर कोकमाची कढी, शेजारी अळकुड्यांची भाजी. रावसाहेबांनी ढेकर दिला.

"उपासमार ही अशी असेल तर माझी बदली इथेच करून घेतो."

निघताना शेटांनी रीतीप्रमाणे हात जोडले. "आक्का, आता तुम्ही सगळ्यांनी एकदा आमच्याकडं जेवायला यायचं हं."

"येतो की," आजी म्हणाली.

मी मागे राहून तिच्यावर चिडलो. तिने शांतपणे विचारलं, "दारात आलेल्या पाव्हण्याला तू वाढला असतास कडू कंद?"

परत जाताना गाडीत मी हेड ऑफिसला काय सबब सांगावी ते जुळवत होतो. तेवढ्यात शेटांचं वाक्य पुन्हा आठवलं. असं आमंत्रण सगळेच देतात आणि कुणीच जात नाही. पण आमच्या धंद्यात एकदा ढोल वाजवून सांगितलेली गोष्ट द्यावीच लागते.

ढोलवाल्याला मी वाडीत पाठवलं आणि स्वतः सुप्याच्या बाजारात ग्रामोफोन लावून पुकारलं: येत्या बाजारादिवशी मल्लाप्पाशेट अख्ख्या वाडीला जेवण घालणार आहेत हो. दुकानादुकानांतून लोक शेटांना शाबासकी द्यायला गेले. शेट तणतणत माझ्याकडे आले.

"काय चालवलंय हे?"

"तुमची जाहिरात, शेट. फुकटात."

बाजारादिवशी वाडी आली. धुतलेल्या कपड्यांत, शेटांना भेट म्हणून कंदांची टोपली घेऊन. रिकाम्या हाताने यायचं कसं? दुकानापुढे पंगत बसली. बघायला सगळा बाजार गोळा झाला. शेट स्वतः वाढत होते, थट्टामस्करी करत होते. भात संपे, ते पुन्हा वाढत. तोही संपे. हळूहळू शेटांची मस्करी थांबली.

आजीने मात्र निम्मा भात पानाच्या कडेला सारून ठेवला होता.

"आक्का, आवडला न्हाई?"

"आवडला की. घरात सून बाळंतीण हाय. आमंत्रन तिलाबी व्हतं, पर तिला चालवंना."

शेटांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "त्या दिवशी आम्ही जेवलो, तो तांदूळ कुठला?"

देवू पानात बघू लागला. आजीने हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

"बियाचा. पेरायला ठेवल्याला."

दोनदा भात मागून घेतलेले शेट खाली बसले आणि कपाळाला हात लावून तसेच राहिले.

संध्याकाळी तांदळाची गाडी वाडीकडे निघाली. दुसरी गाडी बियाण्याची. शेट एकटेच मोठे होतायत हे बघून इतर व्यापाऱ्यांनीही आपल्या गाड्या जुंपल्या. रावसाहेबांनीही उंदरांना कुठल्याशा कलमात बसवलं. देवू आधी घ्यायला तयार नव्हता. पण जेवायला आलेल्याला शिदोरी देतात, असं शेटांनी सांगितल्यावर त्याने स्वतःच पोती उतरवून घेतली. पुढच्या सुगीत वाडीने सगळ्या बाजाराला जेवायला बोलावलं, आणि त्या आमंत्रणाला बाजार खरोखरच गेला.

बेळगावात मात्र साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"जोयड्यात सेल किती?"

"काही नाही, साहेब."

"मग कंपनीचा ढोल कशासाठी वाजला?"

"भातासाठी."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नोकरी गेली नाही. गाडी, ग्रामोफोन आणि ढोलवाला मात्र काढून घेतला आणि वर्षभर मला गोदामात पुड्या बांधायला बसवलं. तिथे विचार करायला वेळ भरपूर होता. त्यातून एवढंच हाती लागलं: गर्दी जमली की आधी बघावं, लोक चहा पितायत की गूळ. मगच हेड ऑफिसला पत्र लिहावं.